सोळा झाडांच्या यादीबाहेर

१९६४ साली महाराष्ट्राने झाडतोडीवर नियंत्रण आणणारा कायदा केला आणि त्याला एक अनुसूची जोडली. तिच्यात १६ झाडे आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि तिवर. यातले झाड स्वतःच्या शेतात उभे असले तरी मालकाला ते मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा लागतो आणि सातबारा दाखवावा लागतो. परवानगी मिळालीच तर बदली झाडे लावण्याची अटही मान्य करावी लागते. यादी वाचताना कोकण डोळ्यांपुढे येते, सह्याद्रीचा माथा येतो, विदर्भातले सागवान येते. तिवर तर खाडीच्या चिखलातच वाढते. इंदापूर तालुक्यात बसून हीच यादी वाचणाऱ्याला ओळखीचे काय सापडते? आंबा, चिंच, ओढ्याकाठचे जांभूळ, कुठे तरी चोरांच्या नजरेतून सुटलेले चंदन आणि हौसेने बांधावर लावलेला साग. इथली शेतीची अवजारे, बैलगाड्या, चुली आणि मेंढरे पिढ्यान् पिढ्या बाभळीवर पोसली गेली. ती बाभूळ यादीत नाही. कडुनिंबही नाही.

सरकार लाकडावर देखरेख कशी ठेवते, हा विषय मराठीत बहुधा मेळघाट, आलापल्ली किंवा डहाणूच्या अंगाने येतो. बारामती आणि इंदापूर या दोन कोरड्या तालुक्यांच्या अंगाने तो मांडायचा म्हणजे उलट्या बाजूने आत शिरणे आहे. इथे इमारती लाकडाचे जंगल नाही. तरीही लाकडाच्या वखारी आहेत, आरा गिरण्या आहेत, ओंडक्यांनी भरलेले ट्रॅक्टर आहेत, पुणे वन विभागाची बारामती आणि इंदापूर अशी दोन वनपरिक्षेत्रे आहेत. जंगल नसलेल्या मुलखात लाकडाचा व्यवहार कसा चालतो आणि त्यातला किती सरकारला दिसतो, हे पाहिले की राज्याच्या सगळ्या वनकायद्याचा घाट लक्षात येतो. हा घाट सागासाठी घातलेला आहे. बाकीची झाडे त्यात नंतर, जमेल तशी बसवली गेली.

झाड कोणाचे, हा प्रश्न इंदापूरला नवा नाही. १८३० च्या सुमारास प्रिंगल या अधिकाऱ्याने ठरवलेला सारा शेतकऱ्यांना झेपला नाही आणि जमिनी ओस पडल्या. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी सुरू केली ती याच तालुक्यात. पुढे मुंबई इलाख्यातल्या रयतवारी मोजणीचा तो नमुना ठरला. शेताची हद्द, प्रत, खातेदार, आकार हे सगळे कागदावर आले. त्याबरोबर शेतातल्या झाडांचाही हक्क ठरवणे आले. साधारण झाडे खातेदाराकडे गेली. साग, शिसव, चंदन यांसारख्या मोलाच्या जातींवर सरकारने बराच काळ आपला हात ठेवला. जमीन कसणाऱ्याची आणि तिच्यावरचे चांगले लाकूड सरकारचे, अशी ही वाटणी होती. आजच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत झाडांचा हक्क सर्वसाधारणपणे भोगवटादाराला दिलेला आहे, पण जुन्या वाटणीची सावली अनुसूचीच्या रूपाने उरली आहे.

वन खाते त्यानंतरचे. मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली १८४७ मध्ये. जहाजांना आणि नंतर रेल्वेला लाकूड हवे होते. १८७८ च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित वनांची रेषा आखली, आणि तीच थोड्या फरकाने १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात आली. या रेषेने पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला इमारती लाकूड फारसे दिले नाही, पण चराईची माळराने मात्र खात्याच्या ताब्यात नेली. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वन खात्यावर जो राग काढला तो मुख्यतः याचाच होता: डोंगर, दरे आणि गायराने खात्याने गिळली आणि शेतकऱ्याच्या गुरांना, शेळ्यामेंढ्यांना पाय ठेवायला जागा राहिली नाही. बारामती-इंदापूरच्या धनगरांची तक्रार आजही फार वेगळी नाही. दंडाची पावती तेवढी नव्या छापाची आहे.

आता बाभळीकडे वळायला हवे, कारण या दोन तालुक्यांचे खरे लाकूड तेच. नीरा आणि भीमेच्या काठची काळी माती तिला मानवते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा आला आणि त्याच्या कडेलाही तिची रांग उभी राहिली. लाकूड जड, चिवट, भेगा कमी. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे, नांगराचे खोड, कुळवाचे दिंड, मोटेचा सांगाडा, घराचे खांब हे सगळे बाभळीचे. शेंगा मेंढरांना, डिंक बाळंतिणीला, साल कातडी कमावायला. १९१० नंतर किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर आला आणि बाभळीचे एक मोठे गिऱ्हाईक कमी झाले. पुढे रबरी चाकांची टायरगाडी आली, तिने दुसरे नेले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांवर ऊस घेऊन जाणाऱ्या गाडीला आज बाभळीचे चाक दिसणे अवघड. सुतार गावातून उठून तालुक्याच्या गावी फर्निचरच्या दुकानात गेला. बाभळीची मागणी मात्र संपली नाही. ती जळणाकडे, कोळशाकडे आणि बांधकामाच्या टेकूंकडे वळली. चढ्या भावाचे लाकूड स्वस्त कामाला लागले.

सरकारी देखरेखीच्या दृष्टीने ही बाभूळ चार वेगवेगळ्या मालकांची आहे, आणि चौघांची रीत निराळी. बांधावरची शेतकऱ्याची, ती तोडायला १९६४ चा कायदा आड येत नाही. कालव्याच्या भरावावरची पाटबंधारे खात्याची. वाळली, पडली किंवा कामाच्या आड आली की तिचा लिलाव. रस्त्याकडेची सार्वजनिक बांधकाम खात्याची, किंवा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला असेल तर त्या यंत्रणेची. माळावर सर्व्हे नंबरला ‘वन’ अशी नोंद असेल तर वन खात्याची, आणि तिथे वाळकी फांदी नेली तरी गुन्हा होऊ शकतो. त्यात बारामती आणि इंदापूर नगरपरिषदांच्या हद्दीत पुन्हा १९७५ चा नागरी भागांसाठीचा वृक्ष कायदा लागतो. २०२१ च्या सुधारणेने त्यात ५० वर्षांवरच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ हा दर्जा मिळाला. म्हणजे एकाच ओढ्याच्या दोन काठांवर, एकाच पावसावर वाढलेल्या दोन झाडांपैकी एक नुसत्या कुऱ्हाडीने पडते आणि दुसऱ्यासाठी फाइल फिरते. ट्रॅक्टरमध्ये भरल्यावर दोन्ही ओंडके सारखेच दिसतात. चोरीला वाव आहे तो इथे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण अलीकडचे आहे. जगद्गुरू तुकाराम महाराजांची पालखी ज्या वाटेने जाते ती उंडवडी, बारामती, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी ही वाट. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालखी मार्गांच्या रुंदीकरणाची पायाभरणी झाली. यातला पाटस ते तोंडले-बोंडले हा पट्टा सुमारे १३० किलोमीटरचा. रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडे गेली, बांधावरची गेली, विहिरीजवळच्या चिंचा-आंबे गेले. भूसंपादनात झाडाला दोन खाती किंमत लावतात: फळझाडाची कृषी खाते, लाकडाच्या झाडाची वन खाते. आंब्याचे काय? तो फळही देतो आणि ओंडकाही. शेतकरी साहजिकच फळाची बाजू मांडतो, कारण तिथे आकडा मोठा. वारकऱ्याने ज्या सावलीत भाकरी सोडली त्या सावलीला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही. तोड झाली, लिलाव झाले, लाकूड वखारीत गेले. एवढ्या मोठ्या कामातून नेमके किती घनमीटर लाकूड निघाले आणि ते कुठे पोचले, हे एका जागी वाचायला मिळावे अशी व्यवस्थाच कुठल्या एका खात्याकडे सोपवलेली नाही.

वखारीत पोचलेल्या ओंडक्याची गोष्ट मात्र थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाते. निलंबूर राजघराण्यातले टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद यांनी निलगिरीतल्या गुडलूरच्या तोडीविरुद्ध १९९५ मध्ये याचिका केली. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात न्यायालयाने ‘वन’ या शब्दाला कोशातला अर्थ दिला आणि केंद्राने मान्य केलेल्या कार्य आयोजनेशिवाय जंगलात तोड करायची नाही असे बजावले. ३० ऑक्टोबर २००२ च्या आदेशाने आणखी पुढची पायरी गाठली: केंद्रीय सक्षम समितीच्या मंजुरीशिवाय कुठल्याही राज्याने नवी आरा गिरणी, व्हिनिअर किंवा प्लायवूडचा कारखाना उघडू द्यायचा नाही. तर्क सरळ होता. जंगलात प्रत्येक झाडामागे वनरक्षक उभा करता येत नाही. पण लाकूड चिरायला कुठे तरी जावेच लागते, तेव्हा चिरण्याची जागा मोजून ठेवा.

हा तर्क सागाच्या मुलखात चांगला चालला. बारामतीसारख्या ठिकाणी त्याचा परिणाम विचित्र झाला. शहर वाढले, एमआयडीसी आली, घरे उठली, आणि गिरण्यांच्या परवान्यांची संख्या गोठली. जुना परवाना हीच एक मालमत्ता झाली. दरम्यान पेट्रोलवर चालणारी यंत्रकरवत गावोगावी पोचली. जे झाड पाडायला दोन माणसांना अर्धा दिवस लागे ते आता चहा उकळेपर्यंत आडवे होते. २०१५ च्या ५ ऑक्टोबरला न्यायालयाने परवान्यांचा अधिकार राज्यस्तरीय समित्यांकडे दिला आणि २०१६ मध्ये केंद्राने लाकूड-आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा असा: आपल्या राज्यात दरवर्षी किती लाकूड उपलब्ध आहे याचा अंदाज समितीने बांधावा आणि त्या प्रमाणात परवाने द्यावेत. कागदावर हे शहाणपणाचे आहे. पण उपलब्ध लाकडाचा अंदाज बांधायचा तर शेतातले लाकूड मोजायला हवे, आणि नेमके तेच सातबाऱ्यावर धड येत नाही. झाडांची नोंद तलाठ्याच्या सवडीवर आणि शेतकऱ्याच्या आग्रहावर असते. नोंद नसलेला साग विकताना अडतो; म्हणून साग विकायची वेळ आली की नोंदीची आठवण होते.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात वनांबाहेरच्या झाडांतून वर्षाला ९१.५१ दशलक्ष घनमीटर औद्योगिक लाकूड मिळू शकेल असा अंदाज दिला आहे. सरकारी जंगलातून निघणारे लाकूड याच्या पासंगालाही पुरत नाही. २०२१ च्या अहवालात वनांबाहेरच्या वृक्षाच्छादनात महाराष्ट्र देशात पहिला होता, १२,१०८ चौरस किलोमीटर. देशाच्या लाकडाचा बहुतांश पुरवठा शेतकरी करतो आणि देखरेखीची बहुतांश यंत्रणा जंगलाच्या तोंडाशी बसलेली आहे.

या विसंगतीला शेतकरीही कधी कधी हातभार लावतो. १९९० च्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांचे पेव फुटले होते. काही हजार गुंतवा, वीस वर्षांनी लाखो घ्या, अशा जाहिराती मराठी वृत्तपत्रांत रोज येत. पुण्या-मुंबईच्या नोकरदारांनी पैसे घातले, रोपांचे फोटो घेतले आणि बरेचसे गमावले. १९९९ मध्ये सेबीला सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले ते या अनुभवानंतर. लाकूड हे पीक आहे हा विचार त्या काळात बदनाम झाला. कालव्याच्या पाण्यावर ऊस बारा-अठरा महिन्यांत पैसा देतो, कारखाना दारातून उचलतो, परवानगी लागत नाही. मग कोण साग लावून वनक्षेत्रपालाच्या कचेरीत वीस वर्षांनी खेटे घालील?

लाकडाच्या पुरवठ्याची हमी कुठल्याच सरकारने कधी दिली नाही असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यात कायद्यानेच ठरले आहे की सरकारी जंगलांतून दरसाल किमान १,३७,००० घनमीटर उत्तम प्रतीचे ओंडके गिरण्यांना उपलब्ध करून द्यायचे. पूर्वी हा आकडा ३,००,००० होता. शेजारच्या व्हिक्टोरियाने १ जानेवारी २०२४ पासून नैसर्गिक जंगलातली तोड थांबवली. तिथला वाद सरकार एकाच वेळी विक्रेता आणि पहारेकरी कसे असू शकते यावर आहे. महाराष्ट्रातही तो वाद झाला, फक्त बांबूच्या निमित्ताने. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू वर्षानुवर्षे करारांनी बल्लारपूरच्या कागद गिरणीला जात असे. २७ एप्रिल २०११ रोजी मेंढा-लेखा गावाला बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते मिळाले, आणि वाहतुकीच्या पासावर सही करण्याचा अधिकार प्रथमच ग्रामसभेकडे आला.

इंदापूरचा संबंध इथे अनपेक्षितपणे जुळतो. भिगवणजवळ भादलवाडीला १९९० च्या दशकात कागदाचा मोठा कारखाना उभा राहिला. सिनार मास या इंडोनेशियन उद्योगाने तो उभारला आणि २००१ मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीजने तो घेतला. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्यांना त्याची धुराडी दिसतात. पण या कारखान्याला लगदा बनवण्याचा विभागच नाही. लगदा बाहेरून, मुख्यतः परदेशातून येतो. आसपासच्या सुबाभळी आणि निलगिरीशी त्याला देणेघेणे नाही. ज्या जंगलांतले लाकूड त्या लगद्यात जाते तिथले परवाने आणि तोडीचे नियम इंदापूरच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाच्या कक्षेबाहेर, समुद्रापलीकडे आहेत.

एमआयडीसीतल्या मालाच्या खोक्यांचेही तसेच. निर्यातीच्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असलेला आयपीपीसीचा शिक्का लागतो. त्याचा अर्थ लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान किमान ३० मिनिटे राखून ते उष्णतेने निर्जंतुक केले आहे, किंवा त्याच्यावर तशीच दुसरी मान्य प्रक्रिया झाली आहे. कीड परदेशी जाऊ नये यासाठी जगाने इतकी काटेकोर व्यवस्था केली. ते लाकूड कुठल्या बांधावरचे, हे तो शिक्का विचारत नाही. फर्निचरच्या बाजारात तर बर्मी साग हे नाव अजून दिमाखात मिरवते, जरी म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली असली तरी. सरकारी सागाचा मान बल्लारशाहच्या आगाराला: अयोध्येच्या राममंदिरासाठी २९ मार्च २०२३ रोजी काष्ठपूजन करून लाकूड निघाले ते तिथून. बारामतीच्या गिऱ्हाइकाला मात्र न्यूझीलंडचे पाइन आणि प्लायवूड अधिक ओळखीचे.

आणि मग या तालुक्यांचे खरे ‘नैसर्गिक वन’ कोणते, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर माळावर आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले; क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर, राज्य चिंकारांचे. इंदापुरात कडबनवाडीचे माळरान लांडगा आणि चिंकारा यांसाठी ओळखले जाते. कडबनवाडी आणि बारामतीचे शिर्सुफळ इथे पुणे वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. या जमिनीचे मूळ धन गवत आहे. ब्रिटिशकाळच्या नजरेला ती लाकूड देत नसल्यामुळे पडीक वाटली, आणि स्वातंत्र्यानंतरच्या वनीकरणाने तीच नजर पुढे चालवली. रोजगार हमीच्या चऱ्या खणून, सामाजिक वनीकरणाच्या योजनांतून माळावर ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी उभी राहिली. त्यातच मेक्सिकोकडची वेडी बाभूळ पसरली. लांडग्याला उघडी जमीन लागते, चिंकाऱ्याला दूरवर दिसावे लागते; दोघांनाही ही झाडी नको आहे. इथे झाड तोडणे हेच कधी कधी संरक्षण ठरते, पण कायद्याची सगळी भाषा तोड थांबवण्याची आहे. वेडी बाभूळ काढण्याला सरकारी फाइलमध्ये काय म्हणायचे यावरच काम अडू शकते. ती काढून तिचा कोळसा करणारी कातकरी कुटुंबे कोकणातून येतात, महिनोन्‌महिने भट्ट्यांवर उचलीच्या ओझ्याखाली राबतात आणि पावसाआधी परततात. लाकडाच्या साखळीतला सर्वांत दुबळा दुवा हाच, आणि वन खात्याच्या तपासणीत मोजले जाते ते कोळशाचे वजन.

दंडाची चर्चा अधूनमधून उठते. १९६४ च्या कायद्यातला १,००० रुपयांपर्यंतचा दंड इतका जुना झाला होता की ठेकेदार तो खर्चात धरून चाले. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तो ५०,००० रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला आणि कोकणातल्या शेतकरी-व्यापाऱ्यांनी मोठी ओरड केली. कोकणात खासगी जमिनीवरच जंगल असल्याने त्यांचा प्रश्न निराळा आहे. बारामती-इंदापुरात हा दंड आला काय, न आला काय, बाभळीला त्याची झळ लागत नाही.

नवी हालचाल दिल्लीतून आहे. देशभर एकच वाहतूक पास चालावा म्हणून २९ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय ई-पास प्रणाली सुरू झाली. जून २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शेतजमिनीवरच्या झाडतोडीसाठी आदर्श नियम राज्यांकडे पाठवले. शेतकऱ्याने लागवड करतानाच ती राष्ट्रीय पोर्टलवर नोंदवायची, जागेचे अक्षांश-रेखांश आणि फोटो चढवायचे. १० पर्यंत झाडे असतील तर फोटोंवरच काम भागेल, जास्त असतील तर नेमलेली संस्था येऊन पाहणी करील. मेलिया, निलगिरी किंवा साग ओळीने लावणाऱ्या बागायतदाराला हे सोयीचे आहे. पण या दोन तालुक्यांतले बरेचसे लाकूड कुणी लावलेलेच नाही. मेंढरांच्या लेंड्यांतून पडलेल्या बियांची बाभूळ बांधावर आपोआप उगवते आणि चार-दोन पिढ्यांची वाटणी होईपर्यंत उभी राहते. लागवडीची तारीख नाही, रोपाची पावती नाही, आणि बांध नेमका कुठल्या भावाचा यावर दिवाणी दावा चालू आहे. आदर्श नियम महाराष्ट्राने उद्या जसेच्या तसे स्वीकारले तर पोर्टलवरच्या ‘लागवडीचे वर्ष’ या चौकटीत इंदापूरच्या शेतकऱ्याने काय भरायचे, हे मुंबईत बसून ठरवावे लागणार आहे.